सोमवारचे नॅपकिन

नॅपकिन हातात आला की मावशी तो आधी नाकाला लावायच्या, मग डोळ्यांसमोर धरायच्या. डाग कितीही ढळढळीत असो, हा क्रम बदलायचा नाही. "आधी वलखायचा, मंग धवायचा," असं म्हणायच्या आणि नॅपकिन समोरच्या पाच टोपल्यांपैकी एकीत टाकायच्या.

तुम्ही कधी रविवारी अकराच्या सुमाराला एखाद्या उंचावरच्या रेस्टॉरंटमध्ये गेला असाल. काचेजवळचं टेबल मिळालं असेल. मांडीवर पांढरा, कडक नॅपकिन पसरला असेल, त्याला तोंड पुसलं असेल, खाडीचा फोटो काढला असेल आणि निघताना तो नॅपकिन चुरगळून प्लेटमध्ये टाकला असेल. पुढे त्याचं काय होतं, याचा विचार तुम्ही केला नसणार. करायचं काही कारणही नाही. तो माझ्याकडे येतो.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर माझा गाळा आहे. चौदा वर्षं मी हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि नॅपकिन धुऊन देते. दोन मोठी मशिन्स, एक ड्रायर, इस्त्रीचा रोलर, घडी घालायला चार बायका, आणि मागच्या भिंतीला लागून एक दगडी ओटा. त्याला आम्ही डागाचं टेबल म्हणतो. मशीन कपडा धुतं, डाग माणसालाच काढावा लागतो. त्या टेबलाशी मावशी साडेनऊ वर्षं उभ्या होत्या. शनिवार-रविवारचं सगळं ब्रंच आमच्याकडे सोमवारी सकाळी टेम्पोतून गाठोड्यांनी यायचं, आणि सोमवारी मावशींना कुणी हाक मारलेली चालायची नाही.

मावशी पेणकरपाड्याच्या, मीरा रोडजवळच्या जुन्या गावातल्या. सासऱ्यांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. जमीन बिल्डरकडे गेली, पैसा आला. दोन लग्नं आणि एक गाडी एवढ्यात तो संपला. आता चारी बाजूंना टॉवर आणि मध्ये यांच्या दोन खोल्या. मुलगा मनात आलं तर टेम्पो चालवायचा. घर मावशींच्या पगारावर चालत होतं, आणि डागाच्या टेबलाचा पगार घडीवाल्या बायकांच्या दीडपट होता. त्यांना पगाराइतकाच मानही लागायचा. घडीवाल्या बसून काम करायच्या. मावशी उभ्या राहायच्या, आणि उभं राहण्याचा त्यांना गर्व होता.

त्यांचं नाक हे आमच्या गाळ्यातलं सगळ्यात महागडं यंत्र होतं. अंड्याचा पिवळा बलक आणि हळद दिसायला सारखीच. बलकाला गरम पाणी लागलं की तो कापडातच शिजतो, मग तो जन्मात निघत नाही. हळदीला साबण लागला की ती लाल होते. कॉफी कुठली आणि सोया सॉस कुठला, हे मला चष्मा लावूनही कळायचं नाही. मावशींना वासावर कळायचं. हॉलंडेज सॉसला त्या "अंड्याची कढी" म्हणायच्या. ट्रफल ऑइलचा, म्हणजे महागड्या अळंबीच्या तेलाचा, नॅपकिन पहिल्यांदा आला तेव्हा त्यांनी तो लांब धरला आणि मला विचारलं, "बाय, तिथं स्टोव्ह भडकतो काय गं?" इतके पैसे देऊन लोक रॉकेल का खातात, हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही.

गाठोडं सोडलं की ती दुपार कशी गेली असेल, हे त्या सांगायच्या. एकदा एक नॅपकिन त्यांनी बराच वेळ हातात धरला. काजळाचे दोन फराटे होते, बाकी काही नाही. "ही खायाला न्हाय आलेली," म्हणाल्या. "रडून गेली." आणि तो पाचही टोपल्यांत न टाकता स्वतःच धुतला. काजळ निघायला वेळ लागतो, म्हणून असेल.

आता बाटल्यांबद्दल सांगते. डागाच्या टेबलावर दोन बाटल्या असायच्या. एकीत ब्लीच, दुसरीत गंजाच्या डागांसाठी ॲसिड. मावशी त्याला "आंबट" म्हणायच्या. दोन्ही मोठ्या कॅनमधून पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं, आणि दोन्ही दिसायला पाणीच. मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ओल्या हातांनी त्या आठवड्याभरात निघाल्या. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठ्या गेल्याचं कुणालाच जाणवलं नाही. त्या टोपण काढायच्या, नाकापाशी न्यायच्या, आणि बरोबर तीच बाटली ओतायच्या. हे दोन एकत्र आले तर विषारी वायू होतो, हे मी त्यांना कामाला लागल्या त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. "नाक हाय ना," म्हणाल्या.

गेल्या वर्षी गणपतीनंतर आमच्याकडे सगळ्यांनाच ताप येऊन गेला. मावशी सहा दिवस घरी होत्या. परत आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या, नॅपकिन नाकाला लावू लागल्या. सगळं पूर्वीसारखं. पण ऑक्टोबरात दोन तक्रारी आल्या. चाळीस नॅपकिनांवर बलक शिजलेला होता. अशी चूक त्यांच्याकडून कधी झाली नव्हती. मी बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. वय झालं, असं मी धरून चालले. साठीच्या पुढच्या बाईचं वय व्हायचंच.

नोव्हेंबरात आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या मॅनेजरचा फोन आला. मीरा रोडला टॉवरच्या माथ्यावर त्यांचं रेस्टॉरंट आहे. एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला घोडबंदरचे डोंगर, दोन्हीकडे काच. रेस्टॉरंटला पाच वर्षं झाली म्हणून माल पुरवणाऱ्या सगळ्यांना त्यांनी रविवारच्या ब्रंचला बोलावलं होतं. "मॅडम, वो नाकवाली मावशी को ज़रूर लाना," तो म्हणाला. त्याच्याकडच्या एका कुकने तुपाचं भांडं नॅपकिनांच्या कपाटात ठेवलं होतं, हे मावशींनी गाळ्यातूनच ओळखलं होतं. तेव्हापासून तो त्यांना मानायचा.

मावशी मोरपंखी साडी नेसून आल्या. लिफ्टमध्ये त्यांनी माझा दंड धरला, वर पोचल्यावर सोडला. आम्हाला काचेजवळचं टेबल दिलं. शेजारी मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. कुणीतरी गिटार वाजवत होतं. मावशींनी बाहेर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली एका चौकोनाकडे बोट केलं. त्यात पाणी साचलेलं होतं आणि त्यावर ऊन पडलं होतं. तिथे त्या लग्न होऊन आल्यावर सात वर्षं मीठ ओढत होत्या. "वरनं बघाया बरा दिसतंय," एवढंच म्हणाल्या आणि खुर्ची जरा फिरवून बसल्या.

नॅपकिन त्यांनी मांडीवर घेतला नाही. उलगडला, उलटा केला, एका कोपऱ्यावर बोट ठेवून मला दाखवला. फिकट तपकिरी चंद्रकोर होती. तो डाग त्यांच्याकडून निघाला नव्हता आणि त्यांच्या लक्षात होता. त्यांनी नॅपकिनची पूर्वीसारखी घडी केली, डाग आत गेला. तोंड पदराला पुसलं. मी म्हटलं, मावशी, वापरा की, आज तुम्ही पाहुण्या आहात.

"आन् उद्या धवल कोन?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघी हसलो. तेवढंच ते हसणं.

वेटर एकेक छोटी प्लेट आणत होता. अंडी, त्यावर मावशींची कढी. मग लिंबू-लसणातली कोळंबी. प्लेट टेबलावर टेकायच्या आधीच मला वास आला. कोळंबी उतरली होती. वरून लसूण मारलेला होता, पण हातभर अंतरावरून कळत होतं. मावशींनी दोन तोंडात घातल्या, तिसरी उचलली. "बरी हाय," म्हणाल्या.

ही बाई गाळ्यात दुसरीचा डबा उघडला की बोंबील कालचा की परवाचा हे सांगायची. मी त्यांच्या प्लेटवर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं की मला समजलं आहे. तिसरी कोळंबी त्यांनी खाली ठेवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गनपतीचा ताप. त्यात गेला वास."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? घडीला बसवला असतास."

मी त्यांना घडीला बसवलंच असतं. मी बाटल्यांचं विचारलं. मावशींनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून दाखवलं. ब्लीच बोटाला बुळबुळीत लागतं, आंबट खरखरीत. टोपण काढलं की एक थेंब बोटावर घ्यायचा, घासायचा, कळतं. दोन-अडीच महिने त्या असंच करत होत्या. नाकाला बाटली लावायच्या ती आम्हाला दाखवायला. त्यांच्या बोटांची सालं निघालेली मी पाहिली होती. थंडीने असेल, असं मला वाटलं होतं.

"मीठ कलतं अजून," त्या म्हणाल्या. "गोड बी कलतं. बाकीचा गेला." मग हळूच, शेजारच्या टेबलाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "कुनाला सांगू नको, बाय. मना घडीला नको बसवू."

मी काय विचार केला तो प्रामाणिकपणे लिहिते. डिसेंबर तोंडावर आला होता. नाताळ, लग्नं, वर्षअखेर. प्रत्येक शनिवार-रविवारची बुकिंगं भरलेली. डागाच्या टेबलाला दुसरं माणूस नव्हतं, आणि नवं माणूस तयार व्हायला दोन महिने लागतात. मी म्हटलं, बरं, डिसेंबर होऊन जाऊ दे, मग बघू. बाटल्यांच्या टोपणांना रंग लावायचं तेव्हाच माझ्या डोक्यात आलं होतं. तेही डिसेंबरनंतर.

मावशींनी नंतर दोन पॅनकेक खाल्ले, वर बरीच साखर घालून. त्यांना गोड कळत होतं. काम राहिलं होतं, त्यामुळे त्या आनंदात होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निघताना मी मॅनेजरला बाजूला घेऊन कोळंबीचं सांगितलं. सांगायला हवंच होतं, बाकीच्या टेबलांवर तीच जात होती. त्याचा चेहरा पडला. त्याने लगेच सगळ्या प्लेटा परत मागवल्या आणि माझे आभार मानले. मग त्यांच्या मालकांनी तपासणीसाठी एक बाई नेमली. ती आधी किचनमध्ये फिरली, मग माल पुरवणाऱ्यांकडे. दहा दिवसांनी ती माझ्या गाळ्यात आली. हातात टॅब, प्रश्न बरोबर. मावशींचे हात तिने पाहिले आणि मला म्हणाली की उघड्या हातांनी केमिकल हाताळणं बंद झालं पाहिजे. तिचं काही चुकलं नव्हतं. मला तर लाजच वाटली. त्याच दिवशी मी कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे आणले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हातमोज्यांशिवाय डागाच्या टेबलाशी कुणी उभं राहायचं नाही.

दुपारी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. हातमोजे घातलेले. बोटं बोटांवर घासून दाखवली. रबरावर रबर.

"बाय, हात आंधला केलास," म्हणाल्या.

मला कळत होतं. माझ्याखेरीज ते कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. मी उपाय सांगितला. ब्लीच कायम डाव्या हाताला ठेवायचं, आंबट कायम उजव्या. बाटल्यांची जागा हलवायची नाही. मावशींनी ते दोनदा म्हणून दाखवलं, लहान मुलीसारखं. डावा ब्लीच, उजवा आंबट. घडीवाल्या बायकांना वाटलं काहीतरी गंमत चालली आहे.

तीन आठवडे ते चाललं.

नाताळानंतरच्या सोमवारी गाठोडी दुप्पट होती. बीटाच्या चटणीचा कसला तरी पदार्थ रेस्टॉरंटने मेनूत आणला होता, त्यामुळे नॅपकिन गुलाबी झालेले. तपासणीवाल्या बाईने गाळ्याचे फोटो मागवले होते. सकाळी मावशी गाठोडी सोडत असताना मी ओटा पुसला, ब्रश एका बाजूला लावले, बाटल्या उचलून पुसल्या आणि परत ठेवल्या. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर. फोटो चांगला आला. मी तो पाठवला आणि बँकेत गेले.

पुढचं मला घडीवाल्यांनी सांगितलं. टबात ब्लीचच्या पाण्यात शंभरेक नॅपकिन भिजत होते. गुलाबी जाईना, म्हणून मावशींनी डाव्या हाताची बाटली उचलली, सवयीने नाकाला लावली आणि ओतली. दारापाशी बसलेल्या चौघींना वास आला तशा त्या ओरडत बाहेर पळाल्या. तो वास एकदा आला की माणूस थांबत नाही. मावशींना काहीच आलं नाही. ओरडण्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण सोमवार होता. डोळे चुरचुरले तेव्हा, त्यांनी मला नंतर सांगितलं, त्यांना वाटलं घाम गेला. त्या टबावर वाकून नॅपकिन खालीवर करत राहिल्या. खोकला सुरू झाल्यावरही थोडा वेळ. शेजारच्या गाळ्यातल्या दोघांनी तोंडाला फडकी बांधून त्यांना बाहेर काढलं.

हॉस्पिटलात त्या नऊ दिवस होत्या. तोंडावर मास्क, त्यामुळे बोलणं थोडं. दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, मुलगा दाराशी. मावशींनी मास्क बाजूला केला.

"मना वाचता न्हाय येत. बाटली चुकली. माझीच चूक."

हवालदाराने ते लिहून घेतलं. नाकाचं त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. बाटल्या मी हलवल्या होत्या, हेही बोलले नाही. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला होता, आणि गप्प राहिले. हवालदाराने जबाब वाचून दाखवला. मावशींनी अंगठा उठवला, निळी शाई लागली. तो अंगठा त्यांनी चादरीला पुसला नाही, हवेत तसाच धरून ठेवला. शाईचा डाग लवकर निघत नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता मला विचारतील. आंबटाची बाटली डावीकडे कशी गेली, हे विचारण्याचा त्यांना हक्क होता. त्यांनी ते विचारलं नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला कधीच कळणार नाही.

"परत येईन तवा घडीला नको बसवू," म्हणाल्या.

"नाही बसवणार," मी म्हटलं.

बुधवारी पहाटे त्या गेल्या. मुलाला जे द्यायचं ते मी दिलं. त्याने काही विचारलं नाही. मॅनेजरने रेस्टॉरंटच्या नावाने फुलांचं चक्र पाठवलं, ते पेणकरपाड्याच्या गल्लीतून आत जाईना, तेव्हा दाराबाहेरच टेकवून ठेवलं.

टोपणांना मी त्याच आठवड्यात रंग लावला. ब्लीचला निळा, ॲसिडला लाल. पंधरा मिनिटांचं काम होतं. डागाच्या टेबलाशी आता मी स्वतः उभी राहते.

त्या टबाचं तेवढं सांगायचं राहिलं. माणसं आत जाऊ शकायला लागली, त्यानंतर दोन दिवस तो तसाच होता. मग मी पाणी सोडलं, नॅपकिन चार वेळा खळबळून काढले, मशीनला लावले. टाकून द्यावेत असं एक घडीवाली म्हणाली. पण नव्या वर्षाची बुकिंगं भरलेली होती, आणि माझ्याकडे तेवढे जास्तीचे नॅपकिन नव्हते. दहा-बारा विरले होते, ते बाजूला काढले. बाकीचे इतके पांढरे निघाले होते की इस्त्रीच्या रोलरवर नजर ठरत नव्हती. साडेनऊ वर्षांत इतके पांढरे कधी निघाले नव्हते.

मावशी गेल्या त्यानंतरच्या शनिवारी सकाळी ते टेम्पोत चढले आणि अकरा वाजता काचेजवळच्या टेबलांवर लागले. दुपारी मॅनेजरचा मेसेज आला की आज सगळे विचारत होते, नॅपकिन नवे आहेत का.

पाठवण्याआधी मी गठ्ठ्यातला वरचा उचलून नाकाला लावला होता. कसलाच वास येत नव्हता.